फोन आला की निघायचं

शाळेच्या ओळखपत्रापासून ऑफिसच्या कार्डापर्यंत सगळीकडे माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह लिहिलेला होता. तो चुकीचा आहे हे मला पस्तिशी उलटल्यावर, पोटात आठव्या महिन्याचं बाळ असताना कळलं.

आम्ही गिरगावात राहतो. माझं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. बाळाची वार खाली सरकलेली होती. ऑपरेशन करावं लागेल आणि रक्त जास्त जाऊ शकतं, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "दोन पिशव्या रक्त तयार ठेवू. लागलं तर लागलं," त्या सहज म्हणाल्या. ओ पॉझिटिव्हची काळजी कुणी करत नाही, ते कुठेही मिळतं. नवरा सकाळी माझ्या रक्ताचा नमुना घेऊन रक्तपेढीत गेला आणि दुपारी रिकाम्या हातांनी परत आला. पेढीतल्या एकाही ओच्या पिशवीशी माझं रक्त जुळत नव्हतं. तिथल्या लोकांनी नमुना परळच्या मोठ्या रक्तपेढीत तपासायला पाठवून दिला होता.

परळहून उत्तर आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. सासूबाईही बरोबर आल्या होत्या.

"तुमचा गट ओ नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो. फार थोड्या माणसांत असतो. तुम्हाला रक्त लागलं तर फक्त याच गटाच्या माणसाचं चालेल. दुसरं कुठलंही दिलं तर जिवावर बेतेल."

"मुंबईत जन्मली म्हणून मुंबईचा गट होय?" सासूबाईंनी विचारलं. एरवी आम्ही हसलो असतो.

"नाही हो. पहिल्यांदा इथे सापडला म्हणून ते नाव."

भावंडांत हा गट असण्याची शक्यता असते, असं कळल्यावर माझा भाऊ दादरहून धावत आला. त्याचा गट साधा निघाला. आईवडिलांचाही तसाच. भाऊ माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "सख्खा भाऊ म्हणवतो मी. काय उपयोग?" मी त्याला समजावायचं की त्याने मला, हे दोघांनाही कळेना.

परळच्या रक्तपेढीतल्या बाईंकडे या गटाच्या मोजक्या माणसांचे फोन नंबर होते. त्यातले एक गृहस्थ मुंबईतच, घोडपदेवला राहत होते. एका शाळेत चित्रकला शिकवायचे. बाईंनी त्यांना सकाळी फोन केला. त्यांनी शाळेत अर्धी रजा टाकली, पेढीत येऊन रक्त दिलं आणि दुपारच्या तासाला परत शाळेत गेले. मी त्यांना पाहिलंही नाही. नवरा मात्र तिथे होता. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"अहो, असू द्या," ते म्हणाले. "वहिनींना एवढंच सांगा, बाळंतपण झालं की स्वतःची तब्येत नीट ठेवा. आता त्याही आमच्यातल्याच."

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंची भीती खरी ठरली. मला आठवतं ते तुटक आहे. वरचा पांढरा दिवा, कुणीतरी घाईने म्हटलेलं "लावा, लावा", आणि थंडी. इतकी थंडी मला मुंबईत कधी वाजली नव्हती. त्यानंतर मुलीचं रडणं. एक पिशवी घोडपदेवच्या सरांची लागली आणि एक पुण्याहून मागवलेली. पुण्याच्या त्या माणसाबद्दल मला आजवर काहीही कळलेलं नाही. पुरुष होता की बाई, तेसुद्धा नाही.

बारशाला आम्ही सरांना आग्रहाने बोलावलं. ते आणि त्यांची बायको, दोघंही आले. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांना रंगाचे डाग. बायकांचा गलका चालू होता आणि सर दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले होते. सासूबाई त्यांच्यापुढे जाऊन बसल्या.

"गाव कुठलं तुमचं?" त्यांनी विचारलं.

सरांनी गाव सांगितलं. हा प्रश्न विचारणाऱ्याला खरं काय विचारायचंय हे सरांना ठाऊक असावं, कारण त्यांनी न विचारता आडनावही सांगितलं. आवाज तसाच शांत ठेवला. सासूबाई "असं का," म्हणाल्या आणि आत स्वयंपाकघरात आल्या. मी तिथे स्टुलावर बसले होते. त्या ओट्याला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"आता तुझ्या अंगात त्यांचं रक्त आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"आणि बाळ तुझं दूध पितंय..." त्या मध्येच थांबल्या. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. बाहेर बसलेल्या माणसापर्यंत यातला एकही शब्द जाऊ नये एवढंच मनात होतं.

"मग झालं," असं म्हणून त्यांनी पानं घ्यायला सुरुवात केली. सरांचं आणि त्यांच्या बायकोचं ताट त्यांनी स्वतः बाहेर नेलं. श्रीखंड दोनदा वाढलं. त्यांच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतरही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मुलगी मान धरायला लागली तेव्हा आम्ही घोडपदेवला गेलो. चाळीतली दोन खोल्यांची जागा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटावर मुलांनी काढलेल्या चित्रांचे गठ्ठे. सरांच्या बायकोने मुलीला मांडीवर घेतलं. मी आदल्या दिवसापासून वाक्यं ठरवून ठेवली होती. "सर, तुमचे उपकार..." एवढं म्हटलं आणि पुढची वाक्यं गेलीच कुठेतरी.

सरांनी मला रडू दिलं. मग ते स्वतःबद्दल बोलले. त्यांची मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. तिचंही रक्त जुळेना. त्या वेळी कुणाला काय शोधायचं तेच ठाऊक नव्हतं. गट कळला तोवर उशीर झाला होता. नंतर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं, तेव्हा यांचा तोच गट निघाला.

"मी तिच्या खाटेशीच बसलो होतो, ताई," सर म्हणाले. "माझ्या अंगात होतं ते. हाताच्या अंतरावर. कुणालाच माहीत नव्हतं."

त्यांच्या बायकोने मुलीच्या पाठीवरचा हात तेवढा हलता ठेवला.

"म्हणून माझे आभार मानू नका," ते म्हणाले. "कुठलंच रक्त साठवून फार दिवस ठेवता येत नाही. आपल्या गटाचं कुठल्या दिवशी कुणाला लागेल सांगता येत नाही. त्यामुळे वर्षभर तयार राहायचं. नीट जेवायचं, अंगातलं लोह कमी होऊ द्यायचं नाही, डासांपासून जपायचं, मनाने औषधं घ्यायची नाहीत. आणि फोन आला की निघायचं. एवढं केलंत की पोचलं मला."

"यांना मलेरिया झाला होता ना," त्यांची बायको म्हणाली, "ताप एकशेतीन, आणि हे काय म्हणतात, आता तीन महिने मला रक्त देता येणार नाही गं. मी म्हटलं, आधी स्वतः जगा."

मुलीचं दूध तुटेपर्यंत मला रक्त देता येणार नव्हतं. ते तुटल्यावर मी परळला जाऊन पेढीत नाव नोंदवलं. पहिला फोन आला तो ऑफिसात असताना. मी टेबल तसंच सोडून निघाले. टॅक्सीत मला चक्क आनंद होत होता. आज फिटणार, असं वाटत होतं. पेढीत बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला आणि तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, मॅडम. नाही घेता येणार."

"थोडंसंच कमी आहे ना? घ्या ना. मला काही होत नाही."

"नियम आहे. तुम्हालाच त्रास होईल. आम्ही सुरतेला फोन लावलाय, तिथले एक जण निघतायत."

बाहेर बाकावर त्या पेशंटची मुलगी बसली होती. मी बाहेर आलेली पाहून ती उठली आणि माझ्या तोंडाकडे बघून परत बसली. मला तिच्याशी बोलायला हवं होतं. माझ्याने झालं नाही.

घरी येऊन मी जेवले नाही. नवऱ्याने सासूबाईंना काय झालं ते सांगितलं तेव्हा त्या देवापुढे वाती वळत होत्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली. कितीतरी वर्षं ती तिथे गंजत पडली होती. सासूबाईंनी ती घासूनपुसून, तेल लावून वापरायला काढली आणि त्या दिवसापासून पालेभाजी तिच्यातच होऊ लागली. सकाळी चहाच्या आधी माझ्यासमोर भिजवलेल्या काळ्या मनुकांची वाटी यायची. थंडीत अळिवाचे लाडू, उन्हाळ्यात नाचणीचं आंबील. भाजीवर लिंबू पिळायला मी विसरले की त्या पिळायच्या. संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, माझ्या पलंगाला मच्छरदाणी बांधायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, किती करता माझ्यासाठी." तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी कुठे करते?" आणि कामाला लागल्या.

पुढच्या वेळी बोट टोचलं तेव्हा आकडा चांगला निघाला. मी खुर्चीत आडवी झाले, हातात रबरी चेंडू दिला. पिशवी भरताना आपलं रक्त इतकं गडद असतं हे पहिल्यांदाच पाहिलं. ज्यांच्यासाठी मला बोलावलं होतं त्या बाई लालबागच्या होत्या. पोटात कुठेतरी आतून रक्तस्राव होत होता. त्यांचे यजमान बाहेर उभे होते. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं वॉचमनची नोकरी केलेले, आता घरीच असलेले वयस्कर गृहस्थ. मी बाहेर आले तशी त्यांनी हात जोडले आणि ते खाली वाकू लागले. मी घाईने त्यांना धरलं.

"काका, असं नका करू. मला पण कुणीतरी दिलं होतं."

त्यांनी मान हलवली. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, सांगता येत नाही.

मी घरी आले ती हलकी होऊन. रात्री मुलीला जवळ घेऊन झोपले. तीनेक आठवड्यांनी एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात पेढीतून पत्ता काढून आलेले ते काका, बरोबर त्यांची लेक. काकांचं डोकं भादरलेलं पाहिलं आणि मला समजलं.

मी त्यांना आत बसवलं. सासूबाईंनी पाणी आणलं. मीच म्हणाले, "काका, मला वाटलं होतं त्या बऱ्या होतील."

"नाय झाली," काका म्हणाले. "डॉक्टरांनी खूप केल्यानी." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पण बाय, तुमका एक सांगूक व्हया म्हणान इलंय. आठ दिवस तिना डोळे उघडूक नव्हते. तुमचा रक्त चडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिना माका हाक मारल्यान."

पुढचं लेकीने सांगितलं.

"मला सासरहून बोलवून घेतलं. आई चार दिवस नीट बोलली. हळूहळू, पण सगळ्यांशी. माझ्याशी तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, ताई. मी मनाने लग्न केलं म्हणून. तिने माझा हात हातात घेतला, माझ्या नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं. त्याला विचारलं, जेवण मिळतं का नीट? मग पाचव्या दिवशी गेली."

"हे आमका तुमच्यामुळे मिळाला," काका म्हणाले. "तुमका कळला नसता तर तुमी म्हटला असता, फुकट गेला."

मी खरोखरच तसं म्हटलं असतं. दार उघडताक्षणी माझ्या मनात तेच आलं होतं.

त्यांनी कापडी पिशवीतून घरची आमसुलं काढून सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी त्यांना पोहे खायला लावले. जाताना त्या लेकीला जवळ घेऊन म्हणाल्या, "आईने हात धरला ना? मग आता मनाला लावून घेऊ नकोस."

ती दोघं गेल्यावर मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी दिलं त्यातली कोण जगली, कोण गेली, मला बहुतेकांचं माहीत नाही. पहिल्या पहिल्यांदा मी चौकशी करायचो. एकदा एक मुलगा गेल्याचं कळलं आणि मी महिनाभर चित्र काढू शकलो नाही. तेव्हापासून विचारत नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकतो."

"मग कसं कळतं, काही उपयोग झाला की नाही?"

"नाही कळत," सर म्हणाले. "उद्या पालेभाजी खा."

असं आता दहा-बारा वर्षं चाललं आहे. फोन वर्षातून कधी दोनदा येतो, कधी येतच नाही. ऑफिसातल्या लोकांना सवय झाली आहे. साहेब बदलला की त्याला एकदा समजावून सांगावं लागतं. दात काढायचा असो की गावी जायचं असो, आधी पेढीत विचारून ठेवते. मुलगी मोठी झाली. तिचा गट साधा आहे. मला कधी लागलं तर तिचं रक्त मला चालणार नाही, हे कळल्यावर ती खूप रडली होती. नंतर तिने स्वतःच ठरवलं, अठरा पूर्ण झाली की तीही देणार, ज्याला चालेल त्याला.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटचे काही महिने त्या अंथरुणातच होत्या. त्या गेल्यानंतर पहिल्यांदा फोन आला तेव्हा बोट टोचून बाईंनी मान हलवली. हिमोग्लोबिन पुन्हा खाली आलं होतं. मी पेढीच्या त्या खोलीतच बसून राहिले. त्यांच्या तेराव्यालाही मी इतकी रडले नव्हते. माझ्या रक्तात त्यांचा किती हात होता ते त्या आकड्याने मला दाखवलं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो खाली गेला आणि मनुका घेऊन आला. त्याला त्या धुवून भिजवायच्या असतात हेही माहीत नव्हतं. आता येतं त्याला. कढईला तेल लावून ठेवणंही येतं.

सरांनी वयाची पासष्टी ओलांडली. त्या वयानंतर रक्त घेत नाहीत. त्यांना ते पेढीत सांगितलं त्या दिवशी त्यांच्या बायकोचा मला फोन आला, "हे जेवत नाहीयेत, तुम्ही जरा बोला." मी घोडपदेवला गेले. सर खिडकीशी बसले होते. निवृत्त झाले तेव्हा शाळेने दिलेली शाल त्यांनी हसत हसत घेतली होती. या वेळी ते हसले नाहीत.

"अंगात आहे ते, ताई," ते म्हणाले. "आणि चालत नाही म्हणतात."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. चहा झाला. निघताना मी म्हटलं, "सर, मला फोन येतो तेव्हा मी एकटीच जाते. नवऱ्याचं ऑफिस असतं. तुम्ही याल का बरोबर?"

पुढच्या वेळी निघताना मी त्यांना कळवलं आणि परळला पोचले तेव्हा ते पेढीच्या दाराशी उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

गेल्या महिन्यातली गोष्ट. हृदयाच्या ऑपरेशनसाठी आणलेलं एक लहान बाळ होतं. आईवडील हॉस्पिटलात धावपळीत होते आणि पेढीबाहेरच्या बाकावर बाळाची आजी एकटीच बसली होती. लांबच्या गावाहून आलेली, मांडीवर डब्याची पिशवी, ती खाली ठेवायलाही तयार नव्हती. मी आत गेले. बोट टोचलं, आकडा बरोबर निघाला, पिशवी भरली. चहा-बिस्किटं घेऊन, सांगितलं तेवढा वेळ आडवी राहून बाहेर आले. सर आजींच्या शेजारी बसले होते. दोघांच्या मध्ये डबा उघडा होता. भाकरी आणि चटणी.

"सकाळपासून खाल्लं नाही यांनी," सर मला म्हणाले. "मी म्हटलं, मलाही भूक लागलीय, एकट्याने कसं खाऊ?"

आजींनी मला जागा करून दिली आणि माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवली. मी कोण, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सरांनीही सांगितलं नाही. आम्ही तिघं तिथे बसून जेवलो.